जुन्या गाडीचं कार्बोरेटर गळून रायलं? नेहमी येणारे प्रश्न

आपल्या भागात अजूनही कोणाच्या वाड्यात अ‍ॅम्बेसेडर उभी आहे, कोणाच्या कोठ्यात ताडपत्रीखाली पद्मिनी, अन् कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० तं गावोगावी सापडते. या सगळ्या गाड्यांचं एक गाऱ्हाणं फिरून फिरून येते, कार्बोरेटरमधून, म्हणजे पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातून, पेट्रोल गळते. विचारणारे तेच तेच विचारतात म्हणून एका जागी लिहून ठेवतो. माझा सगळा जोर एकाच गोष्टीवर आहे, पेट्रोल कुठून निघते हे डोळ्याने दिसल्याशिवाय एकही स्क्रू आवळायचा नाही. बाकी जे लिहिलं ते त्याच्याच मागेपुढे आहे.

कार्बोरेटर वरून सगळं ओलं झालं, म्हणजे झाकणाचं पॅकिंगच गेलं ना भाऊ?

बहुतेक वेळा पॅकिंग बिचारं निर्दोष असते. कार्बोरेटरच्या बाजूला जी वाटी आहे तिच्यात पेट्रोल ठराविक पातळीपर्यंतच भरायला पाहिजे. ती पातळी सांभाळते फ्लोट, घरच्या पाण्याच्या टाकीत गोळा असते ना, पाणी भरलं की वर येऊन नळ बंद करते, तसाच. फ्लोट वर आला की नीडलला, म्हणजे टोकदार सुईला, दाबते, नीडल सीटमध्ये, म्हणजे तिच्या बसायच्या भोकात, बसते अन् पंपाकडून येणारं पेट्रोल थांबते. आता नीडल झिजली, कचरा अडकला, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाला, नाहीतं पातळीच चुकीची बसवली, तं पंप ढकलत राहते अन् वाटी ओसंडते. मग ते पेट्रोल झाकणाच्या कडेने, चोकच्या तोंडातून (वरून हवा आत जायची जागा), थ्रॉटलच्या (रेस देणाऱ्या झडपेच्या) दांडीजवळून, जिथून वाट भेटन तिथून बाहेर येते. लोकांना ओलं झाकण दिसते म्हणून झाकण आवळल्या जाते. पण त्या पॅकिंगची जागाच पेट्रोलच्या पातळीच्या वर आहे, पातळी बरोबर असन तं तिथपर्यंत पेट्रोल पोचायलाच नको.

थोडंसंच गळते, अशीच बाजारापर्यंत नेली तं काही होते का?

नका नेऊ. पेट्रोलची वाफ उणे ४० डिग्रीतही पेट घेऊ शकते, इथं तं मे महिन्यात सावलीत ४५ असते. अन् ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, वर उडून जात नाही, जमिनीवरून सरकत जाते. आपल्याकडे गाडी उभी कुठं असते? पऱ्हाटीच्या ढिगाजवळ, कुटाराच्या बाजूला, पलीकडे चूल पेटलेली. त्यात अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत जायची वाट) अन् एक्झॉस्ट (धूर बाहेर जायची वाट) एकाच बाजूला आहे, म्हणजे कार्बोरेटरच्या बुडाखालीच तापलेला एक्झॉस्ट. मधात जो पत्रा येते तो बऱ्याच गाड्यांतून कोण्यातरी मिस्त्रीने काढून फेकलेला असते, पहिले तो आहे का पाहा.

काम करताना गाडी उघड्यावर काढा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीचं निगेटिव्ह काढा, बिडीवाल्याला दूर बसवा. पावडरचा किंवा सीओटूचा आग विझवायचा सिलिंडर हाताशी पाहिजे, तो नसन तं निदान बादलीभर कोरडी रेती. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते.

मग नेमकं कुठून येते हे शोधायचं कसं?

एअर क्लीनर काढा. कार्बोरेटर बाहेरून ब्रशने अन् कार्ब क्लीनरच्या स्प्रेने चकाचक करा, कारण जुन्या चिकट काळ्या थरावर ताजं ओलं दिसतच नाही. पूर्ण वाळू द्या. मग अंगाला लावायची साधी पावडर घ्या अन् सांध्यांवर भुरभुरा, झाकणाची कड, पाइप जिथं जोडला तिथं, खालचे ड्रेन प्लग (पेट्रोल काढायचे बूच), अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं (रेस देताना जास्तीचं पेट्रोल मारणारा कार्बोरेटरवरचा छोटा पंप) झाकण, थ्रॉटलच्या दांडीची दोन्ही टोकं. ओल आली की पावडर लगेच राखाडी होते अन् थेंबाची वाट दिसते.

आता इंजिन चालू न करता पेट्रोल चढवायचं. बऱ्याच जुन्या मेकॅनिकल (इंजिनाच्या फिरण्यावर चालणाऱ्या) पंपांना खाली हाताने मारायची छोटी दांडी असते, ती खालवर करा. दांडीला जोर लागतच नसन तं इंजिन हाताने थोडं फिरवा, आतला कॅम (इंजिनासोबत फिरणारा उंचवटा) तिला दाबून बसलेला असते. वाटी भरेपर्यंत दांडीला जोर लागते, भरली अन् नीडलने पेट्रोल थांबवलं की दांडी एकदम ढिली पडते. तुम्ही मारून रायले, मारून रायले, दांडी ढिली पडतच नाही अन् चोकच्या तोंडातून आत पेट्रोल चमकायला लागलं, तं निकाल लागला, नीडल नाहीतं फ्लोट. दांडी ढिली पडली, वरून सगळं कोरडं, पण खालून एखादा थेंब लोंबून रायला, तं मग पाइपाचा जोड, ड्रेन प्लग, डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) यांच्याकडे वळायचं. ही एक तपासणी केली तं अर्धे पैसे वाचतात. कोणी मिस्त्री हे न करताच "कार्बोरेटर नवीन टाका" म्हणत असन तं गाडी तिथून घरी आणा.

ज्या कार्बोरेटरच्या वाटीला काचेची लहान खिडकी असते तिच्यात तं पातळी सरळ दिसते, मधल्या गोल खुणेच्या आसपास पाहिजे. काच मळून काळी झाली असते म्हणून कोणी पाहत नाही.

चालू असताना कोरडं, पण सकाळी गाडीखाली डाग. असं काहून?

चालू असताना नीडल सांभाळून घेते म्हणजे पातळी ठीक आहे. या गाड्यांची टाकी मागे, कार्बोरेटरपेक्षा खाली असते, त्यामुळे रात्रभर टाकीतून धार लागत नाही, जास्तीत जास्त वाटीतलं अन् पाइपातलं पेट्रोल जाते. म्हणून डाग लहान असते अन् सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागते. वाटीच्या बुडाचा प्लग, त्याचा वायसर (वॉशर), अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, हे पाहा. डायफ्राम काढून उजेडासमोर हलकं ताणून धरा, बारीक छिद्र लगेच दिसते.

दुपारी उन्हात उभी असतानाच गळत असन तं टाकीचं झाकण खोलून पाहा, फुस्स आवाज येते का. आला तं टाकीची हवेची वाट बंद आहे. आपल्याकडे कुंभारीण माशी असल्या बारीक नळ्यांमध्ये मातीचं घर करून ठेवते, विशेष करून महिनोन्महिने उभ्या गाडीत. वाट बंद झाली की ऊन लागून टाकीत दाब तयार होते अन् तो दाब पेट्रोलला नीडलच्या पलीकडे ढकलते. तार घालून मोकळं केलं की झालं, कार्बोरेटरला हातही लावायचं काम नाही.

नीडल खराब आहे हे डोळ्याने समजते का?

समजते. नीडल काढून उन्हात धरा अन् तिचं टोक हळूहळू फिरवा. चांगल्या नीडलचं टोक एकसारखं गुळगुळीत दिसते. झिजलेल्या टोकावर गोल कडं पडलेलं असते, अंगठीसारखी बारीक रेघ, नखाचं टोक वरून खाली ओढलं की तिथं अडकते. एवढीशी रेघ, पण तिच्यातून गाडीभर पेट्रोल वाहून जाते. नवीन नीडल घ्यायची तं सीटसकट जोडी घ्या, जुन्या सीटवर नवीन नीडल नीट बसत नाही. अन् सीटवर आकडा छापलेला असते, छिद्राचं माप, तोच आकडा पाहिजे. दुकानदार म्हणते मोठा टाका, पिकअप वाढन. पिकअप काही वाढत नाही, गळती वाढते.

रेघ नाही अन् तरी धरत नाही तं कचरा असन. जुन्या टाकीतला गंज बारीक पिठासारखा येते. धुवून घ्या, अन् पंपाच्या आधी फिल्टर लावा, फक्त तो प्लॅस्टिकचा फिल्टर एक्झॉस्टजवळ लोंबकळत ठेवू नका.

नवीन नीडल-सीट टाकलं तरी गळतेच, आता काय?

सोलेक्स कंपनीचं कार्बोरेटर असणाऱ्यांनो, हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. बऱ्याच सोलेक्समध्ये पातळी बदलायला पत्ती वाकवायची सोयच नसते, सीटच्या खाली जो वायसर असते त्याच्या जाडीवर पातळी ठरते. जाड वायसर टाकला की नीडल खाली येते, फ्लोट लवकर बंद करते, पातळी उतरते. पातळ टाकला की पातळी चढते. आता होते असं की दुरुस्तीच्या पार्टचं किट खोलते पोरगा, जुना वायसर कपड्यात पुसून कुठंतरी पडते, अन् डब्यातला जो पहिला वायसर हाती लागन तो बसवल्या जाते. सीट नवीन, नीडल नवीन, पॅकिंग नवीन, तरी गाडी गळते, अन् मग दोष द्यायला कंपनी, पेट्रोल पंप, नशीब सगळे भेटतात. एका पद्मिनीत मी दोन पातळ वायसर एकावर एक पाहिले, मधून पेट्रोल पाझरून रायलं होतं ते वेगळंच.

तं खोलायच्या आधीच जुन्या वायसरची जाडी व्हर्निअरने (बारीक माप घ्यायची पट्टी) मोजून कागदावर लिहा. व्हर्निअर गावातल्या लेथवाल्याकडे असते, मागितलं तं देते.

फ्लोट फुटला हे कसं ओळखायचं?

पितळी असन तं कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खुळखुळते. मग गरम पाण्यात बुडवा, उकळतं नको, चांगलं गरम. आतली हवा तापून छिद्रातून बुडबुडे येतात, ती जागा पेन्सिलीने खूण करा. डाग द्यायचा, म्हणजे कथिलाने छिद्र बुजवायचं, असन तं आतलं पेट्रोल अन् वाफ पूर्ण काढल्याशिवाय कावीय (डाग द्यायचं तापवलेलं हत्यार) जवळ नेऊ नका, बंद डब्यातली पेट्रोलची वाफ म्हणजे फटाका आहे. अन् कथील बेताने वापरा, डागाने फ्लोट जड झाला की तो खोल बसते अन् पातळी परत चढते. प्लॅस्टिकचा फ्लोट डागता येत नाही, तो बदला.

झाकणाचे स्क्रू कचकचून आवळले तरी ओलंच, का?

आवळले म्हणूनच. कार्बोरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असते, नरम असते. दर वेळी कोपऱ्यातले स्क्रू जोराने आवळले की झाकणाचे कोपरे खाली जातात अन् मधला भाग वर उचलते. झाकण उलटं करून काचेच्या तुकड्यावर ठेवा अन् कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट दाबा, टकटक हललं तं वाकडं आहे. थोडं वाकडं असन तं त्याच काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, थोडं घासलेट टाकून, आठाच्या आकड्यात हळूहळू घासा. घासताना झाकणाची कड पूर्ण एकसारखी चमकायला लागली की थांबा. आधी फ्लोट, नीडल, जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक छिद्राची नळी) सगळं काढून ठेवायचं, नंतर नळ्यांमधून हवा मारायची, नाहीतं पॉलिश पेपरची रेती नीडलमध्ये जाऊन बसन अन् तुम्ही परत पहिल्या प्रश्नावर याल.

बसवताना समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा, हाताच्या पंजाचा जोर नको, बोटांचा पुरे.

पॅकिंग भेटत नाही, घरी कापलं तं चालते का?

चालते, पण गॅस्केटचा कागद ऑटो पार्टच्या दुकानातून आणा. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग पाहिलं आहे मी, सोनेरी गणपती अर्धा बाहेर होता, पेट्रोलने फुगून लगदा झाला होता. कागद झाकणावर ठेवून गोल तोंडाच्या लहान हातोडीने कडेकडेने ठोकत गेलं की आकार आपोआप कापल्या जाते. हवेची अन् पेट्रोलची बारीक छिद्रं जुन्या पॅकिंगशी ताडून पाहा, एखादं राहिलं तं गाडी चालू होईन पण रेस घेणार नाही.

एमसील, सिलिकॉन?

नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटते अन् त्याचे तुकडे जेटमध्ये जातात. एमसीलखाली चीर दिसेनाशी होते, गळती तिथंच राहते.

पाइपाच्या जोडातून थेंब येते, नट आवळला तरी.

बोल्ट जर मधातून पोकळ असन तं त्याला दोन वायसर असतात, पाइपाच्या डोक्याच्या एका बाजूला एक अन् दुसऱ्या बाजूला एक. दुसरा बरेचदा हरवलेला असते. तांब्याचे असतील तं गाडीपासून लांब नेऊन लाल होईपर्यंत तापवा अन् थंड करा, नरम होऊन परत बसतात. फायबरचे असतील तं नवीनच.

ते इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे गळते म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. २०२५ पासून पंपावर साधारण २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल भेटून रायलं आहे. या गाड्या बनल्या तेव्हा कोणी असा विचारच केला नव्हता. जुनं रबर, कॉर्क, जुने डायफ्राम यांना इथेनॉल फुगवते, मग कडक करून चिरा पाडते. अन् ते हवेतलं पाणी ओढते, म्हणून पावसाळाभर उभ्या गाडीच्या वाटीत पांढरी पावडर जमा झालेली दिसते, ती धातू खाल्ल्याची खूण.

पण झिजलेली नीडल, चुकीचा वायसर, वाकडं झाकण हे इथेनॉलने केलेलं नाही, ते आपण केलं. त्यामुळे आधी तपासणी, मग सरकारला बोलायचं. रबराचं जे जे आहे ते व्हायटॉनचं, म्हणजे पेट्रोल सहन करणाऱ्या रबराचं, घ्या. पाइप घेताना त्याच्यावर आर९ (पेट्रोलच्या पाइपाचा दर्जा) छापलेलं पाहा, महाग पडते पण टिकते. मोटरसायकलचा पारदर्शक प्लॅस्टिक पाइप तं बिलकुल नको, एका उन्हाळ्यात पिवळा पडून काडीसारखा मोडते, अन् मोडते नेमका एक्झॉस्टच्या वर.

एक वेगळी गोष्ट, इथेनॉलसाठी हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागते, म्हणून गाडी थोडी कोरडी, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालते, धक्के देते. लोक मग चोक थोडा ओढून चालवतात अन् पेट्रोलचा वास आला की गळती समजतात.

उन्हाळ्यात गाडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी वास येते, मग चालूच होत नाही.

ही गळती आतल्या आत आहे. इंजिन बंद केलं की पंखा थांबते, खालची गरमी वर चढते अन् वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडते. पेट्रोलमधला हलका भाग ४० डिग्रीच्या आसपासच उकळायला लागते. कार्बोरेटर अन् मॅनिफोल्डच्या (इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) मधात गरमी अडवणारा जाड बॅकेलाइटचा (कडक प्लॅस्टिकचा) तुकडा पाहिजे, तो आहे का, चिरला का, ते पाहा. सावलीत लावा, बॉनेट थोडं उघडं ठेवा. चालू करताना चोक नको, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा अन् सेल्फ मारा, पंपासारखा खालवर करू नका.

मेकॅनिकल पंप काढून इलेक्ट्रिक बसवला, तेव्हापासून गळते.

जुन्या कार्बोरेटरला तीन-चार पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपासचा दाब पुरते. इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप कितीतरी पटीने जास्त मारते, त्याच्यासमोर कोणतीच नीडल टिकत नाही. कमी दाबाचा पंप घ्या, नाहीतं दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा. माझं विचाराल तं पंपाचं किट टाकून जुनाच पंप नीट करा. इलेक्ट्रिक पंपाला अपघातात बंद होणारा स्विच पाहिजे, तो आपल्याकडे कोणी लावत नाही, गाडी उलटली तरी पंप पेट्रोल ओतत राहते.

मारुतीवाल्यांनी टाकीकडे परत जाणारा पाइप दबला का तेही पाहावं. तो दबला की सगळं जास्तीचं पेट्रोल वाटीवर चालून येते.

ऑइलची काडी काढली तं पेट्रोलचा वास, अन् ऑइल वाढलेलं.

गाडी चालवू नका, चालूही करू नका. पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल खाली ऑइलमध्ये जात असन, नाहीतं वाटी ओसंडून सिलिंडरमधून उतरत असन. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जाते अन् मग कार्बोरेटरचा खर्च हसण्यावारी न्यावा असं बिल येते. आधी कारण दुरुस्त, मग ऑइल अन् फिल्टर दोन्ही नवीन.

माझ्या अ‍ॅम्बेसेडरला एसयू आहे, त्याचं काही वेगळं आहे का?

एसयू म्हणजे दुसऱ्या बनावटीचं कार्बोरेटर. तत्त्व तेच, जागा वेगळ्या. एसयूमध्ये वाटी बाजूला वेगळी असते अन् तिच्यापासून एक बारीक नळी खाली जेटला जाते. त्या नळीच्या टोकाला रबर असते, ते कडक झालं की बुडाशी थेंब येते. लोक वरचं खोलत बसतात. पातळीसाठी झाकण उलटं धरा, फ्लोटच्या पत्ती अन् झाकणाच्या मधात ३ मिलिमीटरचा ड्रिल बिट नुसता सरकला पाहिजे, हा हिशोब एसयूच्या एचएस प्रकाराचा.

रस्त्यातच वाटी ओसंडायला लागली तं?

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, थंड होऊ द्या. मग पेचकसच्या लाकडी मुठीने वाटीला झाकणाजवळ दोन-तीन हलक्या टिचक्या मारा, अडकलेली नीडल सुटते. सुटली तं हळू घरी या अन् त्याच दिवशी खोला. नाही सुटली तं ट्रॅक्टरला बांधून आणा. तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढायच्या भानगडीत पडू नका, फुफ्फुसात गेलं तं दवाखाना आहे.

पार्ट कुठं भेटन?

मारुतीचं किट तालुक्याला भेटते. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरचं नागपूरला जुन्या स्पेअरवाल्यांकडे विचारा, तिथं नाही तं दिल्लीच्या काश्मिरी गेटवरून मागवून देणारे आहेत. जुना पार्ट सोबत न्या, फोनवर "पद्मिनीचं किट" एवढंच सांगितलं तं भलतंच येते.

काम झालं, आता पक्कं झालं हे कसं समजायचं?

परत पुसा, परत पावडर, खाली जुना पेपर अंथरा. हाताच्या दांडीने पंप मारा, ढिली पडली पाहिजे. मग चालू करून पूर्ण गरम होऊ द्या, रेस द्या सोडा, रेस द्या सोडा, बंद करा अन् अर्धा तास उन्हात उभी ठेवून पाहा. सकाळी पेपर परत पाहा. दोन-चार दिवस चालवून स्पार्क प्लग काढा, काळे कुळकुळीत ओले असतील तं पातळी अजून जास्त आहे, भुरकट कोरडे असतील तं जमलं. पेपरवरची रात्र कोरडी गेल्याशिवाय एअर क्लीनरचे नट पक्के आवळू नका, एकदा आवळले की परत खोलायचा कंटाळा येते अन् मग कोणीच वाकून पाहत नाही.